गिरजाआत्या, तू बोललीस तेवढं सगळं

आत्या,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. वडनेरच्या विहारात माणसं मावेनात म्हणून बाहेर मांडव टाकला होता. वंदना झाली, चार जण तुझ्याबद्दल बोलले, आणि मग बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी मोबाइल माईकजवळ धरला. पलीकडे लता होती. नेदरलँड्समधल्या तिच्या गावात तेव्हा नुकतीच सकाळ झाली होती. वडिलांसोबत गोठ्यातलं काम उरकून ती फोनवर बसली होती. ती इंग्रजीत एक वाक्य बोलायची, थांबायची, मी ते मराठीत सांगायचे. ती म्हणाली, मी शिकत असताना पुष्कळ लोकांना प्रश्न विचारले, पण मला उलटे प्रश्न विचारणारी पहिली बाई तुमच्या गावात भेटली. मांडवात लोक हसले. पुढे बोलता बोलता तिला रडू आलं. मी तेही सांगितलं, की ती आता रडते आहे, थोडं थांबू या.

काही गाळलं नाही, आत्या. तू तिथे असतीस तर डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस, मी किती शब्द खाल्ले ते तपासत.

तुझा जन्म, तुझं लग्न, तू ग्रामपंचायतीत केलेली कामं, हे सगळं बाबांनी छापलेल्या पत्रकात आलं आहे. ते इथे पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पंधरा दिवसांबद्दल बोलायचं आहे. आपण दोघी त्यावर नीट कधी बोललोच नाही. भांडलो मात्र पुष्कळ.

मी तेव्हा वर्ध्याला समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. परदेशातले सहा विद्यार्थी आमच्या कॉलेजात आले होते आणि त्यांना पंधरा दिवस खेड्यात राहून अभ्यास करायचा होता. वडनेर ठरलं. प्रत्येकासोबत आमच्यातलं एक जण दुभाषी म्हणून जाणार होतं. बाकीच्यांची सोय इतर घरांमध्ये झाली. माझ्या वाट्याला आलेली मुलगी मी तुझ्याकडे आणली. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत वाढलेल्या मला वडनेर म्हणजे दिवाळीच्या चार सुट्ट्या आणि तुझ्या हातची भाकर, एवढंच माहीत होतं. नवरा गेल्यावर तू माहेरी परतलीस, आजोबांची तीन एकर जमीन कसत राहिलीस, आणि बाबा मात्र नोकरीच्या निमित्ताने कधीच वर्ध्याचे झाले होते. गावाशी आमचा धागा म्हणजे तू.

तिचं खरं नाव लोटे. ओसरीत बॅगा ठेवल्या, मी ओळख करून दिली, आणि तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "पाणी प्यायच्या लोट्यावरून ठेवलं का नाव?" मी म्हटलं, त्यांच्याकडे असतं असं. तू तिच्याकडे नीट बघितलंस, उंच, लालसर, उन्हाने नाक सोललेली, आणि ठरवून टाकलंस. "माह्या घरी लता. चालते का विचार तिले." तिला चाललं. आजही ती मला मेल पाठवते तेव्हा खाली लता असंच लिहिते.

जानेवारी होता. पऱ्हाटीवरच्या कापसाची वेचणी चालू होती, तूर कापणीला आली होती. तू सकाळी भाकरी टाकून शेतात निघायचीस आणि आम्ही दोघी तुझ्यामागे. हायवे ओलांडून पलीकडे तुझं शेत. ट्रक संपेपर्यंत उभं राहायचं, मग तू एकदम हात वर करून चालायला लागायचीस आणि ट्रकही थांबायचे. लताला याचं फार नवल वाटायचं. तिला कापूस वेचायला शिकवलंस. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं रक्ताळली, पण तिने तक्रार केली नाही. तिच्या घरी गायी आहेत आणि त्यांचं दूध मशीन काढतं, हे कळल्यावर तू दोन दिवस त्याच्याच मागे लागलीस. गायीचा सड दुखत असला तर मशीनला कसं समजते, हे तुला हवं होतं. लताने चित्र काढून दाखवलं. तुझं समाधान झालं नाही.

लताकडे एक प्रश्नावली होती. रोज दुपारी जेवणानंतर घरालगतच्या परसात, सांदवाडीतल्या लिंबाखाली खाट टाकून ती बसायची, एकेक प्रश्न विचारायची आणि लिहून घ्यायची. घरात किती माणसं, पाणी कुठून, आजारी पडलं तर कुठे जाता, निर्णय कोण घेतं. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करायचे. पहिले तीन दिवस मी स्वतःवर फार खूश होते. माझं इंग्रजी चांगलं चाललं होतं, आणि तुझी उत्तरं मी थोडी नीटनेटकी करून देत होते. तू म्हणालीस, दवाखान्यात जाऊन काय करू, तिथे मला अगं-तुगं करतात. मी सांगितलं, त्यांना घरगुती उपचार आवडतात. तू म्हणालीस, निर्णय मी घेते, पण सातबाऱ्यावर भावाचं नाव आहे. मी सांगितलं, निर्णय त्या स्वतः घेतात. मला वाटायचं, मी तुझी बाजू राखते आहे, गावाची राखते आहे.

चौथ्या दिवशी लताने कागद बाजूला ठेवला आणि सहज विचारलं, ही तुमची घरं गावापासून अशी वेगळी का आहेत? मध्ये मोकळी जागा का सोडली आहे?

मी तुला विचारलं. आणि तू सांगितलंस. आवाज जरासुद्धा न बदलता, तूर निवडता निवडता. ही आपली वस्ती म्हणून. पूर्वी गावाच्या विहिरीवर आपल्या माणसांनी दोर टाकायचा नाही, खाली घागर घेऊन उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी. तू आठ-नऊ वर्षांची असताना कुणी नाही असं बघून दोराला हात लावलास, तेवढ्यात एक बाई आली आणि तिने पाण्याने भरून ठेवलेली सगळी भांडी तुझ्यासमोर ओतून दिली. घागर नवी होती आणि ती तू रिकामीच घरी आणलीस. पुढच्या वर्षी वस्तीने धम्म घेतला, आणि काही वर्षांनी पंचायतीने वस्तीत विहीर खोदून दिली. मोकळी जागा मात्र तशीच राहिली.

एवढं सगळं तू बोललीस. लता माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, त्यांची शेतं या बाजूला आहेत म्हणून.

आत्या, ती शेतं कुठल्या बाजूला आहेत हे ती चार दिवस स्वतःच्या पायांनी चालून बघत होती. हायवेपलीकडे, अगदी उलट दिशेला. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. ते निघायला मला विचारही करावा लागला नाही. नालवाडीच्या आमच्या कॉलनीत मी लहानपणापासून हेच करत आले होते. कुणी पूर्ण नाव विचारलं की पहिलं नाव सांगायचं, कुणी गाव विचारलं की तालुका सांगायचा.

लताने दोन शब्द लिहिले. तू तुरीचं सूप खाली ठेवलंस.

"मी एवढी बोलली, अन् तू तिले दोनच शब्द सांगितले. बाकीचं कुठी गेलं?"

मी म्हटलं, आत्या, इंग्रजीत थोडक्यात होतं.

तू पदराला हात पुसलेस. उठलीस, आत गेलीस. संध्याकाळी जेवायला वाढलंस, लताला आग्रह केलास, माझ्या ताटात न विचारता भाजी घातलीस. माझी सुटका झाली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लता अंघोळीला गेली तेव्हा तू मला चुलीपुढे बसवलंस.

"लाज मले नाई वाटत. तुले काऊन वाटते?" तू विचारलंस.

मी म्हटलं, लाजेचा प्रश्न नाही. ती परदेशी मुलगी आहे, ती घरी जाऊन काय सांगेल? आपला देश असा, आपलं गाव असं.

तू म्हणालीस, तिने काय सांगावं ते ती ठरवेल. "पण माही गोष्ट माही हाये. ती तू अर्धी काऊन केली?"

तू ओरडली नव्हतीस. ओरडली असतीस तर मी उलट बोलले असते. मग लता आली, केस पुसत, आणि तू तिच्यासमोर पाट सरकवलास, मला म्हणालीस, आता सांग, काल राहिलं तेवढं सगळं. मी सांगितलं. विहीर, दोर, ओतून दिलेली भांडी, नवी घागर. सांगताना मला तुझा राग येत होता. लताने वही आणली, कालचं पान उघडून मला दाखवलं. शेतं या बाजूला आहेत, या वाक्यापुढे तिने आधीच प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली होती.

तिने तुला एकच विचारलं. ते लोक असं का करत होते?

तू हसलीस. म्हणालीस, हे मला काय विचारते, ज्यांनी केलं त्यांना विचारायला पाहिजे. मला वाटलं तू बोलून सोडून दिलंस. पण तू पदर खोचलास, चपला घातल्यास आणि म्हणालीस, चला.

मोकळी जागा ओलांडून तू आम्हाला विमलबाईंच्या घरी नेलंस. विमलबाई तुझ्याच वयाच्या, लग्न होऊन वडनेरात आलेल्या, त्यांचा मुलगा हायस्कूलमध्ये मास्तर. तुमचं येणंजाणं होतं, एकमेकींकडे लोणचं जायचं, हे मला माहीत होतं. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा ठेवायला सुनेला सांगितलं. तू खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "विमलबाई, ही पोट्टी लय दुरून आली. तिचा एक प्रश्न हाये. मी तिले म्हटलं, त्याचं उत्तर माह्यापाशी नाई, तुमच्यापाशी हाये."

आणि माझ्याकडे बघितलंस.

मी पळून गेले असते, आत्या. खरंच गेले असते. मी गोल गोल बोलायला लागले, की पूर्वीच्या काळी गावात पाण्याच्या बाबतीत काही पद्धती होत्या, त्याबद्दल हिला जरा माहिती हवी होती. तू मध्येच म्हणालीस, नीट विचार. तेव्हा मी विचारलं, "गावाच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी का भरू देत नव्हते?"

आमच्या. हा शब्द मी वडनेरात काय, वर्ध्यातही कधी कुणापुढे असा उच्चारला नव्हता.

विमलबाईंनी अजून दोन-चार शेंगा सोलल्या. मग त्या माझ्याकडे न बघता तुझ्याशीच बोलल्या. "सासू सांगे तसं मी करे. मले वाटे, शिवलं तर काईतरी होते. काय होते, ते कोणी सांगितलं नाई अन् मीबी विचारलं नाई." पुढची शेंग हातात घेऊन त्या म्हणाल्या, "काईच झालं नसतं. हे मले लय उशिरा समजलं, गिरजा."

मी लताला ते शब्दाला शब्द सांगत होते, तेवढ्यात मास्तर आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. पण ते मला म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, हे जुनं झालेलं उकरून परदेशी पाहुण्यांसमोर कशाला मांडता, आपल्याच गावाची बदनामी होते. मी मान खाली घातली. कारण ते जे बोलले तेच मी सकाळी चुलीपुढे तुला म्हटलं होतं. मी आणि ते एकाच बाजूला उभे होतो आणि तू आणि विमलबाई दुसऱ्या.

"मास्तर, गाव माहंबी हाये," तू म्हणालीस. "माह्या गावाचं मी सांगाले कोणाले विचारू?"

मास्तर आत गेले. चहा आला. चौघींनी तो प्यायला. लोणच्याची बरणी कुणाकडे राहिली आहे यावर तुझं आणि विमलबाईंचं थोडं बोलणं झालं. येताना मोकळ्या जागेतून चालत असताना लताने मला विचारलं, माझ्या प्रश्नामुळे काही बिघडलं का? मी ते तुला विचारलं. तू म्हणालीस, तिला सांग, साठ वर्षं हा प्रश्न मी विचारला नव्हता, तिच्यामुळे आज विचारून झाला. हेही मी सगळं सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मी वेगळ्याच पद्धतीने काम केलं. तू बोलायचीस तेवढं सगळं मी बोलायचे. तू शिवी दिलीस तर मी शिवी दिली. दवाखान्याचं, सातबाऱ्याचं, आधी गाळलेलं सगळं मी लताला पुन्हा सांगून दुरुस्त करून घेतलं. तिची वही खोडाखोडीने भरली. कॉलेजात ती दाखवायची लाज वाटते असं ती म्हणाली, आणि आमच्या मॅडमना नेमकी तीच वही सगळ्यांत आवडली.

निघायच्या आदल्या दुपारी, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून जेवण झाल्यावर तू लताला म्हणालीस, आता मी विचारते, तू सांग. आणि तू तिच्याच प्रश्नावलीतले प्रश्न एकामागून एक विचारलेस. तुला वाचता येत नव्हतं, पण पंधरा दिवसांत सगळे पाठ झाले होते. घरात किती माणसं? तिघं. आजी कुठे राहते? शहरातल्या वृद्धांच्या घरात. तिला भेटायला किती दिवसांनी जाते? लताने बोटांवर मोजलं आणि हात खाली घेतला. निर्णय कोण घेतं? वडील. आणि शेवटी, प्रश्नावलीत नसलेला प्रश्न. "मी तुह्या गावाले आली, तर मले कोण ठेवून घेईल?"

लता पटकन म्हणाली, आम्ही. मग तिने स्वतःच हात वर करून मला थांबवलं. थोडा वेळ मातीत काडीने रेघा ओढत बसली. म्हणाली, ते खरं नाही, मी नीट सांगते. तिच्या गावाबाहेर, युद्धातून पळून आलेल्या कुटुंबांसाठी सरकार घरं बांधणार होतं. गावाने विरोध केला. लोकांनी आपापल्या फाटकांवर बोर्ड लावले, आम्हाला ते इथे नकोत म्हणून. तिच्या वडिलांनीही लावला. ती रोज त्या फाटकातून कॉलेजला जात होती आणि वडिलांना तिने एकदाही त्याबद्दल विचारलं नव्हतं. शेवटी घरं झाली, पण गावापासून दूर, रस्त्याच्या पलीकडे. सात हजार किलोमीटर दूर येऊन, ती म्हणाली, मी तुमच्या मोकळ्या जागेबद्दल विचारलं.

तुला हे सांगताना मला भीती वाटत होती, की तू तिला काहीतरी लागेल असं बोलशील. तू तिच्या पाठीवर हात ठेवलास. "म्हणजे तुमच्यातबी गावाचं टोक हाये," म्हणालीस. मग म्हणालीस, "तुह्या बापाले विचार. भांडू नको. नुसतं विचार, अन् मंग थांब." मी ते इंग्रजीत केलं आणि मला वाटलं, की हा उपदेश तू तिच्या नावाने मला करते आहेस. तसंच होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही.

तिने विचारलं. सहा महिन्यांनी तिचा लांबलचक मेल आला आणि मी खास तेवढ्यासाठी एसटीने वडनेरला आले. तू मला तो तीन वेळा वाचायला लावलास. वडील जेवणाच्या टेबलावरून उठून गेले. दोन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. त्या घरांकडे ते अजून गेलेले नाहीत. पण एका सकाळी फाटकावरचा बोर्ड काढून ठेवलेला होता. तू ते ऐकलंस आणि म्हणालीस, "माणूस चांगला हाये. हळू हाये."

माझ्याबद्दलही तू असंच काही म्हणत असशील, आत्या. मी तर त्यांच्याहूनही हळू.

कारण आपलं खरं भांडण त्यानंतर चार वर्षांनी झालं. मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली होती आणि मी बाबांच्या घरातून बाहेर पडून वर्ध्यात कॉलेजजवळ भाड्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. घरमालकिणीने खोल्या देताना विचारलं होतं, तुम्ही कोण लोक? मी हसून म्हटलं होतं, आम्ही नोकरदार लोक. वडनेरात विमलबाईंच्या अंगणात मी जे शिकले ते वर्ध्याला येईपर्यंत एवढंच उरलं होतं. मग तू मला भेटायला आलीस. मी कामावर असताना घरमालकीण तुझ्याशी गप्पा मारायला आली आणि तू तिला सगळं सांगितलंस, वस्ती, विहार, धम्म. मी परतले तेव्हा तुम्ही दोघी मजेत पापड लाटत होतात. दोन महिन्यांनी तिने मला सांगितलं, मुलगा पुण्याहून परत येतो आहे, खोल्या लागतील.

मी तुला फोनवर नको ते बोलले. तुला तिथे राहावं लागत नाही, तुझं सत्य तुला परवडतं, मला नाही, असं काय काय. तू म्हणालीस, मुलगा खरंच येत असेल. मी म्हटलं, नसेल तर? तू म्हणालीस, नसेल तर ते घर तसंही तुझं नव्हतं. मी फोन ठेवला आणि आठ महिने उचलला नाही.

या भांडणाचा निकाल लागला नाही. त्या घरी मुलगा आला की नाही, हे मी मुद्दाम कधी बघायला गेले नाही. आजही मला वाटतं, की खोल्या कुणाच्या गेल्या, तर माझ्या, आणि सांगायचं की नाही हे मला ठरवू द्यायला हवं होतंस. तूच म्हणाली होतीस, ज्याची गोष्ट त्याची. ती गोष्ट तुझी होती तशी माझीही होती. एवढं एक मला तुला ऐकवायचं होतं, आणि तू त्यावर काय म्हणाली असतीस ते मला खरंच ऐकायचं होतं. पण हेही सांगते, की त्यानंतर घेतलेल्या घराच्या दारावर मी पूर्ण नाव लावलं. तू आलीस, पाटीवरून बोट फिरवलंस, आणि त्याविषयी एक अक्षर बोलली नाहीस. तेव्हा न बोलल्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

या दिवाळीनंतर तुझं पोट दुखायला लागलं आणि बाबा तुला वर्ध्याला घेऊन आले. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, बाहेरच्या राज्यातले, भले. तुझ्या खाटेशी उभं राहून ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. आजार पसरला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, फार तर दोन महिने. बाबांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि हात जोडले. माझ्यापुढे कधी न रडलेला माणूस रडत होता. त्यांचं म्हणणं, तिला सांगू नको, गोळ्यांनी बरं वाटेल म्हणावं, निदान सुखाने राहील. डॉक्टरही म्हणाले, घरचे ठरवतील तसं.

मी आत आले. तू उशीला टेकून बसली होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. मी खाटेवर बसले आणि डॉक्टर जेवढं बोलले होते तेवढं सगळं सांगितलं. पसरला आहे हे, ऑपरेशन नाही हे, दोन महिने हे. बाबा दारात येऊन उभे होते. माझं संपल्यावर तू विचारलंस, दुखणं वाढलं तर त्याला काही देतात का? मी म्हटलं, देतात. तू म्हणालीस, "मंग घरी चाल. वेचणी निघाली असन."

बाबांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं. पण तुझ्यासोबत तेही वडनेरला आले आणि राहिले. नोकरीला लागल्यापासून ते गावात सलग इतके दिवस कधी राहिले नव्हते. पुढचे सात आठवडे तू जसे घालवलेस, ते फक्त माहीत असणारं माणूसच घालवू शकतं. खाटेवर बसून तू वेचणीच्या बायांना हाका मारल्यास. तुरीचं बियाणं कुणाला द्यायचं ते सांगितलंस. लुगडी स्वतःच्या हाताने वाटलीस, विमलबाईंना त्यांना आवडणारं हिरवं दिलंस. मला म्हणालीस, सातबाऱ्यावर आता तुझं नाव लाव, बाईचं नाव लागू दे एकदा.

आणि एका दुपारी, मी ओसरीत होते, तू आणि बाबा सांदवाडीत लिंबाखाली. बाबा तुझ्या पायाशी बसले होते. मग बाबा म्हणाले, "अक्का, शाळेत दोघायपैकी एकालेच पाठवता येत होतं. तू मोठी होती. शाळा तुही होती. मी घेतली."

हे मला माहीत नव्हतं, आत्या. तुला वाचता का येत नाही, हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. तुझ्या तोंडचे इतके शब्द मी इंग्रजीत नेले आणि हा एक प्रश्न मला सुचला नाही.

तू बाबांच्या डोक्यावर हात ठेवलास. म्हणालीस, "घेतली तं घेतली. वाया नाई ना घालवली."

बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी तुझ्यासाठी चहा मांडला. मी उठायला लागले तर मला हाताने बस म्हणाले. घरात चहा करताना मी त्यांना जन्मात पहिल्यांदा बघत होते. साखर फार पडली, दूध उतू गेलं, गाळणी सापडेना. ते कप घेऊन तुझ्याकडे आले, पुन्हा तुझ्या पायाशी बसले, आणि दवाखान्यापासून माझ्याशी न बोललेले बाबा तिथूनच मला म्हणाले, तूही ये, इथे बस. तुला तेव्हा दोन घोट पाणीही जड जात होतं. तू तो चहा हळूहळू, फुंकर घालत, शेवटपर्यंत प्यायलीस आणि त्यांना म्हणालीस, चांगला झाला.